गंधकाचा आकडा उत्तम, तरी प्लेटला भेगा का?

एका प्लेट मिलमधील तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सॉर सर्व्हिससाठी, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडयुक्त तेल किंवा वायू वाहून नेणाऱ्या पाइपलाइनसाठी, एक्स-६५ या ताकदीच्या दर्जाची २२ मिलिमीटर जाडीची प्लेट विकसित करण्याचे काम चालू आहे. कार्बन ०.०४५ टक्के, मँगनीज १.४५ टक्के, गंधक ८ पीपीएम. पोलादावर कॅल्शियम प्रक्रिया झालेली आहे आणि निर्वातात त्यातील वायूही काढलेले आहेत. तरीही ९६ तासांच्या एचआयसी चाचणीत, म्हणजे हायड्रोजनमुळे पोलादाला आतून भेगा पडतात का हे पाहणाऱ्या चाचणीत, काही तुकडे अगदी स्वच्छ निघतात, तर काहींत भेगांच्या लांबीचे प्रमाण २२ टक्क्यांवर जाते. मर्यादा १५ टक्क्यांची आहे. नापास झालेले बहुतेक तुकडे प्लेटच्या शेपटाकडचे, म्हणजे कूलिंगच्या पाण्याखाली शेवटी जाणाऱ्या टोकाकडचे, आहेत आणि भेगा जाडीच्या मध्यावर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या आहेत. वरिष्ठ म्हणतात, गंधक ५ पीपीएमवर आणा. हे योग्य आहे का आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की गंधकाच्या मागे आणखी धावण्यात अर्थ नाही. ८ पीपीएम म्हणजे टनभर पोलादात ८ ग्रॅम गंधक. ते ५ ग्रॅमवर आणण्यासाठी लॅडल भट्टीवर, म्हणजे वितळलेल्या पोलादाचे घटक जुळवण्याच्या टप्प्यावर, वेळ जाईल, खर्च वाढेल आणि शेपटाकडच्या भेगा जिथल्या तिथे राहतील. तुमची अडचण सरासरी रासायनिक घटकांत नसून त्या प्लेटच्या एका विशिष्ट जागेत आहे, आणि ती जागा तुम्ही स्वतःच प्रश्नात सांगितली आहे.

आधी मूळ प्रक्रिया समोर ठेवू. माहीमच्या खाडीलगत राहणाऱ्या मंडळींना हायड्रोजन सल्फाइडची ओळख करून द्यावी लागत नाही. देवघरातले चांदीचे निरांजन घासून ठेवले तरी काही दिवसांत काळे पडते आणि एसीची तांब्याची कॉइल अकाली गळू लागते. तिथे हा वायू धातूला बाहेरून खातो. पोलादाच्या बाबतीत मात्र खरा उपद्रव आतून होतो. पाण्याच्या सान्निध्यात लोखंड आणि हायड्रोजन सल्फाइड यांची अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर लोह सल्फाइड तयार होते आणि हायड्रोजनचे सुटे अणू मोकळे होतात. एरवी हे अणू जोडीजोडीने एकत्र येऊन बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेले असते. हायड्रोजन सल्फाइड मात्र ही जोडी सहजासहजी जुळू देत नाही, त्यामुळे त्यांतील बरेचसे अणू पोलादात शिरतात. आत कुठे एखाद्या अधातूच्या कणाभोवती फट असेल तर तिथे त्यांची जोडी जुळते, आणि एकदा रेणू झाला की त्याला परत जाता येत नाही. फटीतला दाब वाढत जातो आणि शेवटी बाहेरून कोणताही ताण नसताना पोलाद आतून उकलते. ही एचआयसी. बाहेरचा ताण आणि कठीण पोलाद एकत्र आले की होणारी सल्फाइड स्ट्रेस क्रॅकिंग, म्हणजे एसएससी, हा वेगळा आजार आहे. तो पुढे येईल.

सॉर कशाला म्हणायचे, याविषयी आपल्याकडे अजून गैरसमज आहेत. वायूत हायड्रोजन सल्फाइड किती पीपीएम आहे एवढे पाहून चालत नाही, त्याचा आंशिक दाब पाहावा लागतो आणि तो ०.३ किलोपास्कलच्या वर गेला की पोलादाची निवड त्या दृष्टीने करावी लागते. ७० बार दाबाच्या वायूत १०० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल तर आंशिक दाब ०.७ किलोपास्कल होतो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. ‘शंभर पीपीएम म्हणजे काहीच नाही’ असे बैठकीत म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्या दारातले उदाहरण घ्यायचे तर मुंबईसमोरच्या समुद्रातील वसई क्षेत्राचा वायू सॉर आहे. तो दोनशेहून अधिक किलोमीटर समुद्रतळावरून हाजिऱ्याला जातो आणि तिथे पोहोचल्यावर त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढले जाते. तोपर्यंतचा सारा मार्ग त्याला पाइपातूनच काढावा लागतो.

एचआयसीची दखल उद्योगाने खऱ्या अर्थाने घेतली ती १९७२ साली अबू धाबीच्या समुद्रातील उम्म शैफ क्षेत्राची पाइपलाइन सुरू झाल्यावर थोड्याच काळात फुटली तेव्हा. तोवरचा भर मुख्यतः कठीणतेवर होता, म्हणजे पोलाद पुरेसे मऊ असले की निर्धास्त राहावे अशी समजूत होती. मऊ पोलादही आतून उकलू शकते हे त्या घटनेने दाखवले आणि त्यातून सुचलेली चाचणी १९८४ साली टीएम-०२८४ या नावाने प्रमाणित झाली. त्या काळी मुख्य गुन्हेगार मँगनीज सल्फाइड होता, यात शंका नाही. रोलिंगच्या तापमानाला तो मऊ असतो. त्यामुळे स्लॅबमधला (ओतून घट्ट झालेल्या जाड पोलादी लादीतला) गोल कण प्लेटमध्ये जिभेसारखा लांब, चपटा होतो, आणि भेग सुरू होण्यासाठी त्या जिभेच्या टोकाहून सोयीची जागा नाही. गंधक कमी करणे आणि उरलेल्या गंधकाला कॅल्शियमशी बांधून ठेवणे, हे दोन्ही उपाय तिथून आले.

कॅल्शियमचे गणित नाजूक आहे. कॅल्शियम आणि गंधक यांचे गुणोत्तर दीडच्या खाली गेले की मध्यभागी मँगनीज सल्फाइड पुन्हा डोके वर काढतो. म्हणून कित्येक जण वितळलेल्या पोलादात कॅल्शियमची भरपूर तार सोडतात आणि निश्चिंत होतात. पण कॅल्शियम जास्त झाले की कॅल्शियम सल्फाइड आणि कॅल्शियम ॲल्युमिनेटचे पुंजके तयार होतात, आणि रोलिंगमध्ये ते तुटून ओळीने मांडले गेले की भेगेच्या दृष्टीने त्यांच्यात आणि मँगनीज सल्फाइडमध्ये फारसा फरक उरत नाही. त्यात टंडिशमध्ये, म्हणजे लॅडल आणि साचा यांमधल्या पात्रात, पोलादाला हवा लागली की आधीचे सारे कष्ट वाया जातात. लॅडल बदलतानाचे आणि ओतण्याच्या क्रमातले पहिले स्लॅब सॉर ऑर्डरला लावू नयेत, ही साधी शिस्त पाळली तरी बरेच नुकसान वाचते. उत्पादन विभागाला ही शिस्त आवडत नाही, कारण तो स्लॅब दिसायला इतरांसारखाच असतो.

आता मध्यरेषेकडे येऊ. स्लॅब बाहेरून आत घट्ट होत जातो आणि शेवटच्या उरलेल्या द्रवात मँगनीज, फॉस्फरस आणि कार्बन साठत जातात. सरासरी मँगनीज १.४५ टक्के असले तरी मध्यरेषेवर ते बरेच अधिक असते, आणि थंड होताना तेवढाच पट्टा बेनाइट किंवा मार्टेन्साइट या कठीण रचनांचा बनतो. हायड्रोजनने फट उघडायची, आणि या ठिसूळ पट्ट्याने भेगेला वाट करून द्यायची, असा हा व्यवहार असतो. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) तपशिलात एक्स-६५ साठी १.६० टक्क्यांपर्यंत मँगनीज चालते हे खरे. पण ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. चाचणीच्या अवघड द्रावणात टिकणारी प्लेट हवी असेल तर मी मँगनीज १.२ च्या वर जाऊ देत नाही आणि फॉस्फरस ०.०१० टक्क्यांच्या आत ठेवतो. कार्बन ०.०४ च्या आसपास ठेवण्याचे कारण केवळ मऊपणा हे नाही. एवढ्या कमी कार्बनचे पोलाद पूर्णपणे डेल्टा फेराइटच्या रूपात (वितळबिंदूजवळच्या स्फटिकरचनेत) घट्ट होते, आणि त्या अवस्थेत मँगनीजचे अणू ऑस्टेनाइटपेक्षा, म्हणजे त्याखालच्या तापमानाच्या रचनेपेक्षा, कितीतरी वेगाने फिरत असल्यामुळे साठण काही अंशी आपोआप विरते.

मात्र कास्टरच, म्हणजे स्लॅब ओतणारे यंत्रच, बिघडलेला असेल तर घटकांची कितीही काळजी घेतली तरी उपयोग होत नाही. ओतताना द्रवणबिंदूच्या वर २०-२५ अंशांपेक्षा जास्त तापमान नको, घट्ट होण्याच्या शेवटच्या टप्प्यातले स्लॅबचे हलके दाबणे योग्य जागी पडायला हवे, आणि रोलरमधील अंतर मोजून ठेवलेले हवे. एका कारखान्यात आम्ही दोन महिने घटक बदलत बसलो होतो. शेवटी कास्टरच्या एका सेगमेंटमधले (भागामधले) रोलर झिजून स्लॅब तिथे फुगत होता, एवढेच निघाले. दोष दिसला तो स्लॅबचा आडवा छेद घासून अमोनियम परसल्फेटने खोदल्यावर. पूर्वी यासाठी सल्फर प्रिंट, म्हणजे गंधकाचा कागदावरचा ठसा, काढत असत. काही ठिकाणी ती अजूनही काढतात आणि कागद कोरा आला की समाधान मानतात, परंतु १० पीपीएमच्या खाली गंधक असताना त्या कागदावर काही उमटण्याइतका गंधकच नसतो.

तुमच्या शेपटाच्या तक्रारीचे कारण मात्र मध्यरेषेच्या साठणीइतकेच, किंबहुना अधिक, रोलिंगनंतर पाण्याने होणाऱ्या कूलिंगमध्ये असावे असा माझा कयास आहे. हिशेब करून पाहा. तुमच्या घटकांवरून आणि जाडीवरून ऑस्टेनाइटमधून फेराइट सुटायला सुरुवात होण्याचे तापमान, म्हणजे एआर-३, सुमारे ७८० अंश सेल्सिअस येते. आपण समजू की रोलिंगच्या शेवटच्या फेरीनंतर प्लेटचे डोके, म्हणजे पुढचे टोक, ८०० अंशांना पाण्याखाली शिरते. २२ मिलिमीटरची प्लेट या तापमानाला हवेत सेकंदाला साधारण एक अंश थंड होते. मूळ प्लेट ३५ मीटर लांब असेल आणि रोलर टेबल सेकंदाला एक मीटर वेगाने चालत असेल, तर शेपूट पाण्याखाली येईपर्यंत ३५ सेकंद जातात आणि त्याचे तापमान ७६५ च्या आसपास पोहोचलेले असते. म्हणजे डोके एआर-३ च्या वरून थंड झाले आणि शेपूट खालून. शेपटात पाणी पडण्याआधीच काही फेराइट सुटलेले असते. त्याने बाहेर टाकलेला कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये जमा होतो, आणि मग वेगाने थंड होताना त्या ऑस्टेनाइटची कठीण बेटे आणि पट्टे बनतात. मध्यरेषेवर, जिथे मँगनीज आधीच साठलेले आहे, तिथे हा परिणाम सर्वांत तीव्र असतो. एकाच प्लेटच्या दोन टोकांना दोन निराळी पोलादे तयार होतात, आणि प्रमाणपत्रावर घटक मात्र एकच छापले जातात.

इथे एक पेच आहे. साठण कमी व्हावी म्हणून तुम्ही मँगनीज १.४५ वरून १.१५ वर आणले, तर एआर-३ सुमारे २४ अंशांनी वर सरकते, कारण नेहमीच्या सूत्रात मँगनीजच्या एका टक्क्यामागे ८० अंश धरले जातात. म्हणजे एआर-३ आता ८०४ च्या आसपास, आणि तुमचे डोकेसुद्धा आता त्याच्या खाली. रोलिंगचे वेळापत्रक न बदलता केवळ मँगनीज उतरवून ‘कमी मँगनीजचा काही उपयोग झाला नाही’ असे अहवाल लिहिणारे मी पाहिले आहेत. घटक आणि तापमान एकत्रच हलवावे लागतात. मी असे सुचवेन की नायोबियम ०.०५ ते ०.०६ टक्क्यांपर्यंत न्यावे, म्हणजे ऑस्टेनाइट अधिक वरच्या तापमानापासूनच पुन्हा स्फटिकित न होता चपटा होत राहील आणि रोलिंग वरच संपवता येईल. पाण्यात शिरताना शेपटाचे तापमान, डोक्याचे नव्हे, एआर-३ च्या वर राहील असे पाहावे. आणि रोलर टेबलचा वेग प्लेट आत जात असताना वाढवत न्यावा. मँगनीज ०.३ टक्क्यांनी उतरवल्याने घन द्रावणातून मिळणारी ताकद जेमतेम १० मेगापास्कल कमी होते; ती ०.२ टक्के क्रोमियम आणि बारीक, एकसारख्या बेनाइटमधून सहज भरून निघते. ४५० मेगापास्कलची किमान मर्यादा गाठण्यात मला अडचण दिसत नाही. नायोबियम याहून वाढवण्याच्या मोहात मात्र पडू नका, कारण मध्यरेषेवर नायोबियम-टायटॅनियमचे जाड कण जमले तर तेच भेगेचे नवे घर होतात.

पृष्ठभागाविषयी थोडे, कारण प्लेट एचआयसीत पास झाली की बहुतेक जण तिथेच थांबतात. कझाकस्तानच्या काशागान क्षेत्रात सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झाले, काही आठवड्यांतच पाइपलाइनला गळती लागली आणि जवळपास दोनशे किलोमीटर पाइप बदलून २०१६ मध्ये पुन्हा सुरुवात करावी लागली. कारण एसएससी हे होते. त्यानंतर वेगाने थंड केलेल्या प्लेटच्या पृष्ठभागावरील लहान लहान कठीण डागांकडे सर्वांचे लक्ष वळले. पाण्याचा झोत सुरुवातीला जिथे जोरात बसतो किंवा मिलस्केल, म्हणजे पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर, जिथे असमान असते, तिथे पहिला अर्धा मिलिमीटर नको तितका वेगाने थंड होतो. आपली नेहमीची कठीणता चाचणी १० किलो भाराने, पृष्ठभागापासून दीड मिलिमीटर आत घेतली जाते. २५० विकर्सच्या मर्यादेत ती आरामात बसते, कारण डाग तिच्या कक्षेतच येत नाही. अर्धा किलो भाराने, पृष्ठभागापासून पाव मिलिमीटरवर मोजा. पहिल्या वेळी निघणारे आकडे पाहून झोप उडते, एवढे आधीच सांगून ठेवतो.

चाचणीविषयीही सावध राहावे. तळोजा भागातील एका प्रयोगशाळेत आमचे तुकडे लागले होते आणि मी दुसऱ्या दिवशी सहज पाहायला गेलो, तर काचेच्या भांड्यातले द्रावण दुधी झालेले होते. ऑक्सिजन शिरला की हायड्रोजन सल्फाइडमधील गंधक बारीक कणांच्या रूपात सुटा होतो आणि द्रावण असे गढूळ होते. अशा चाचणीचा निकाल, पास असो वा नापास, टाकूनच द्यायचा असतो. तंत्रज्ञ प्रामाणिक होता, त्याने नळीचा सैल झालेला जोड लगेच दाखवला, पण मी गेलो नसतो तर तो निकाल नोंदवहीत गेला असता. तेव्हापासून मी ९६ तासांनंतरचे पीएच आणि द्रावणाचे छायाचित्र मागितल्याशिवाय अहवाल स्वीकारत नाही. (त्या खोलीत जाताना छातीवर वायुसूचक यंत्र लावूनच जावे, जास्त प्रमाणात हा वायू नाकाची संवेदनाच मारतो, तेव्हा वास येत नाही म्हणजे वायू नाही असे समजणे जिवावर बेतते.)

द्रावण कोणते, हेही ग्राहकाशी आधीच ठरवून घ्या. द्रावण ‘ए’ मध्ये पाच टक्के मीठ आणि अर्धा टक्का ॲसेटिक आम्ल असते आणि पीएच तीनच्या आसपास राहते. द्रावण ‘बी’ हे कृत्रिम समुद्रजल, पीएच पाचच्या जवळपास. पोलादात ०.२५ टक्के तांबे असेल तर पीएच पाचच्या वर पृष्ठभागावर एक संरक्षक थर बसतो आणि हायड्रोजन आत शिरणे खूपच कमी होते. ‘बी’ मध्ये अशी प्लेट निर्मळ दिसते. ‘ए’ मध्ये तो थर टिकत नाही आणि मध्यरेषेचे सारे दोष उघडे पडतात. तांबे घालणे वाईट नाही, पण त्याच्या आडोशाने कास्टरची दुरुस्ती पुढे ढकलणे वाईट.

शेवटी पाइप. प्लेट पास झाली म्हणून पाइप पास होईल असे गृहीत धरू नका. गोल वाकवताना आणि नंतर आतून फुगवून माप साधताना थंड विकृती येते, त्यातून हायड्रोजन अडकण्याच्या जागा वाढतात, आणि वेल्डच्या उष्णताबाधित भागात तर रचनाच बदलते. विकासाच्या काळातच एक-दोन प्लेटचे पाइप करून, वेल्डवरचा, वेल्डपासून ९० अंशांवरचा आणि १८० अंशांवरचा असे तुकडे काढून चाचणी करावी. त्यांच्यासोबत चार बिंदूंवर वाकवून ७२० तासांची एसएससी चाचणीही लावून टाकावी. महिनाभराचा वेळ जातो म्हणून ती शेवटी ठेवण्याचा प्रघात आहे आणि तो महागात पडतो.

आता या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. नापास झालेल्या तुकड्यांतील भेग उघडून तिच्या दोन्ही पृष्ठांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते पाहा: कॅल्शियमचे पुंजके, नायोबियमचे जाड कण, की काहीच नसून केवळ मँगनीज-फॉस्फरसचा पट्टा. पुंजके निघाले तर माझा कयास चुकला, आणि मग लॅडल व टंडिशकडे जावे लागेल. पट्टा निघाला तर त्याच प्लेटच्या डोक्याचा आणि शेपटाचा मध्यरेषेवरील छेद शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्म कठीणता मोजा. कूलिंग यंत्राच्या नोंदीतून शेपूट पाण्यात शिरतानाचे तापमानही काढा; बहुतेक मिलमध्ये ते साठवलेले असते, फक्त डोक्याचा आकडा अहवालात छापतात म्हणून कोणाच्या नजरेस पडत नाही. पास झालेल्या प्लेटचेही आकडे घ्या, नाहीतर तुलना करायला काही उरणार नाही. एवढे हाती आल्यावर गंधकाचा विषय वरिष्ठांपुढे पुन्हा काढता येईल.